भिंतीवरची पाठमोरी माणसं

लाँड्रीवाल्या ताईंच्या डोळ्यांत एखादी गोष्ट खुपली की ती चारचौघांत बोलून दाखवल्याशिवाय त्यांच्या जिवाला स्वस्थता नसते. त्या दिवशी सकाळी सकाळी त्यांच्या डोळ्यांत खुपली ती त्यांच्या स्वतःच्याच दुकानाची बाजूची भिंत.

"अरे ए पेंटर!" गरम इस्त्री हातात तशीच धरून त्या दारात आल्या. सख्ख्या धाकट्या भावाला धंद्यावरून हाक मारणारी बहीण तुम्ही पाहिली नसेल. पण सगळी गल्ली त्याला पेंटर म्हणायची, आणि गल्लीच्या विरुद्ध जाऊन लाडाने वेगळं काही म्हणायला ताईंना वेळ नव्हता. "जगाच्या पाट्या रंगवून झाल्या असतील तर जरा घराकडेही बघ. गिऱ्हाईक मला विचारतं, ताई, तुमच्या भिंतीला काय झालंय? काय सांगू मी? कांजिण्या?"

पेंटर जिन्याच्या पायरीवर बसून ब्रश धूत होता. लाँड्रीच्या वरच्या खोलीत तो राहायचा. एकटा जीव, साठी उलटलेली, लग्नाच्या वाटेला कधी गेलाच नाही. हल्ली पाट्या यंत्रातून छापूनच बाहेर येतात, त्यामुळे हाताला काम थोडं, ब्रश मात्र रोज धुतलेले. ताई बोलल्या की "हो" म्हणायचं आणि आपल्याला हवं तेव्हाच हलायचं, हा त्याचा जन्मभराचा शिरस्ता. पण त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, तो उठून भिंतीकडे गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

अहो, ती भिंत म्हणजे नुसती भिंत नव्हती. आता तिच्या अंगाला स्कूटरी उभ्या असतात ना, तिथे पूर्वी बार होता. बार आणि लाँड्री यांची ती सामाईक भिंत. रस्ता रुंद करायचा म्हणून बार पाडला. रस्ता मेला आहे तेवढाच राहिला, बार मात्र गेला तो गेलाच. उरली ही भिंत, आणि तिच्यावर बारची आतली बाजू, पांघरूण ओढून घेतल्यासारखी उघडी पडलेली. सिगारेटच्या धुराने तपकिरी झालेला रंग. बाटल्यांच्या फळ्यांसाठी ठोकलेल्या खुंट्यांची भोकं. माळ्यावर जाणारा जिना जिथे भिंतीला टेकायचा तिथे तिरकी रेघ. घड्याळ होतं तिथे एक पांढरा गोल. आणि कमरेच्या उंचीवर एक आडवा काळपट पट्टा, काउंटर जिथे भिंतीला भिडायचा तिथला.

बारला नाव होतं. पाटी पेंटरनेच रंगवली होती, पिवळ्यावर लाल, लांबून ठळक दिसणारी. पण त्या नावाने बारला कुणी ओळखलं असेल तर शपथ. रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून आत जायचं, म्हणून सगळे म्हणायचे 'खाली'. "कुठे निघालात?" "जरा खाली जाऊन येतो." तळमजल्यावर राहणारी माणसंसुद्धा खाली जाऊन यायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

पेंटरची खालची जागा ठरलेली होती, अगदी मागची, जिन्याखालच्या टेबलाशी. हौसेने नव्हे हो. दिवसभर टर्पेंटाइनमध्ये हात बुचकळलेला माणूस काउंटरला येऊन बसला की बाकीच्यांची बिअर रॉकेलसारखी लागायची म्हणे. त्यांनी एकमताने त्याला मागे हाकलला, तो मागचाच झाला. तिथून त्याला काय दिसायचं? पाठी. काउंटरच्या स्टुलांवर ओळीने बसलेल्या पाठी. वर्षानुवर्षं तो पाठीच बघत आला. कुणाचा शर्ट कुठे विरलाय, कुणाचा डावा खांदा उतरलाय, कोण हसताना मानेपासून हलतो आणि कोण कमरेपासून, हे त्याला तोंडपाठ. रस्त्यात माणूस समोरून आला तर पेंटरला पटकन ओळख लागायची नाही, पुढे निघून गेला की हा म्हणायचा, "अरे, हा तर आपला वकील!"

आणि त्या पाठींच्या पलीकडे, तोंड इकडे करून, काउंटरमागे एकच माणूस उभं असायचं. मालकीण.

आता लपवाछपवी कशाला करायची? पेंटरचा तिच्यावर जीव होता. रोज पाठींच्या फटींतून ती त्याला तुकड्या-तुकड्याने दिसायची. ग्लास पुसणारा हात, पदराचं टोक, कानातलं. आणि तिची नजर मागच्या टेबलाकडे वळली रे वळली की हा पठ्ठ्या ग्लासात डोकं घालायचा, जणू तळाशी काही पडलंय. निघताना ती म्हणायची, "सावकाश जा हं." आणि हा फरशीकडे बघून मान हलवायचा. झालं. याच्यापुढे ते प्रकरण कधी एक पाऊल सरकलं नाही. बार पडला तेव्हा ती सामान बांधून दुसऱ्या गावी भाचीकडे गेली, आणि निघतानाही ती काय म्हणाली असेल ते तुम्हीच ओळखा.

तर पेंटर भिंत खरवडायला बसला. आधी पोपडे काढायचे, मग अस्तर, मग एकसारखा पांढरा, असा सरळ विचार होता. पण खरवडता खरवडता हात त्या काळपट पट्ट्यापाशी थांबला. त्याने पत्र्याची पट्टी खाली ठेवली, खिशातून खडू काढला, आणि पट्ट्याच्या वरच्या कडेने एक सरळ रेघ ओढली. काउंटर. मग रेघेच्या जरा खाली एक गोल. स्टूल. मग त्या स्टुलावर आपोआपच एक पाठ येऊन बसली, रुंद, डावा खांदा उतरलेला. पेंटर मागे सरकून बघतो तर काय, वकील!

वकील म्हणजे खरा वकील नव्हे. कुलपं दुरुस्त करणारा माणूस. पण कुठल्याही गोष्टीला आधी "हरकत आहे" म्हणायचा, म्हणून वकील. दुपारी तो तिकडून चालला होता. भिंतीपाशी आला आणि उभाच राहिला.

"हरकत आहे," तो म्हणाला. "मी एवढा जाडा नव्हतो."

"होतास."

"पाठीमागून माणूस जाडाच दिसतो."

"मला विचार," पेंटर म्हणाला. "तुझं पुढून काय होतं ते मला माहीतच नाही."

वकील गेला नाही. समोरच्या दुकानातून एक रिकामा क्रेट ओढून आणला आणि भिंतीसमोर बसला. बसताना पूर्वीसारखाच डाव्या खांद्यावर कलला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते पेंटरला धड सांगता येणार नाही. दुपारी ऊन भिंतीवर यायचं, ओल्या अस्तराचा वास सुटायचा, आणि शिडीवर उभं राहून तो एकेक पाठ रंगवत जायचा. आठवावी लागत नव्हती. हाताने ब्रश उचलला की माणूस येऊन बसायचा. खालचं सगळं आपल्या पायांनी परत येत होतं म्हणा ना. खुंट्यांच्या भोकांवर फळ्या आल्या, फळ्यांवर बाटल्या. पांढऱ्या गोलात घड्याळ आलं, नेहमी पुढे असणारं, कारण मालकिणीचं म्हणणं, माणसांना उशीर झालाय असं वाटलेलं बरं असतं. काउंटरवर लटकणारा पिवळा दिवा त्याने रंगवला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. खाली बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "लागला बघ दिवा." आणि सगळेच माना वर करून बघायला लागले.

हो, सगळेच. वकिलाने गल्लीत बोंब मारली होती. लंबू पोस्टमन आला, उन्हाळ्यातही गळ्यात मफलर घालणारा. ठेंगू आला, त्याचं सायकलचं दुकान. स्टुलावर बसला की त्याचे पाय लोंबकळायचे, ते पेंटरने लोंबकळतेच काढले. ज्याने त्याने घरून खुर्ची, स्टूल, जे हाताला लागलं ते आणलं आणि भिंतीसमोर ओळीने मांडलं. कुणाच्या हातात चहा, कुणाच्या हातात नुसतंच वर्तमानपत्र. दारूचा थेंब नाही, पण बोलणं सगळं पूर्वीचंच, तोच सूर, तीच जुनी भांडणं पुन्हा पहिल्यापासून. पंखा डावीकडे होता की उजवीकडे यावर लंबू आणि ठेंगू यांची जी जुंपली ती अशी की रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. नसलेल्या पंख्यासाठी दोन शहाणी माणसं एकमेकांच्या उरावर बसलेली! शेवटी पेंटरने पंखा मधोमध काढला तेव्हा दोघेही त्याच्यावर उलटले.

एके दिवशी शिंप्याची बायको आली. शिंपी जाऊन खूप वर्षं झाली होती. त्याची पाठ पेंटरने टोकाच्या स्टुलावर काढली होती, करड्या कोटात, आणि कोटाची शिवण काखेखाली उसवलेली. सगळ्या गावाचे कपडे शिवणारा माणूस, पण स्वतःच्या कोटाला टाका घालेल तर हराम. ती त्या पाठीसमोर उभी राहिली. हळूच हात लावला. रंग सुकला होता.

"मी शिवून देते म्हटलं होतं," ती भिंतीला म्हणाली, "तर म्हणे, दुकानातून आल्यावर बघू. आणि दुकानातून निघून बसायला इथे!" तिला हसू आलं की रडू, ते तिलाच कळलं नाही. पेंटर शिडीवरून हलला नाही. तिचं काय चाललंय ते तिचं तिला होऊ द्यावं, एवढी अक्कल त्याला होती.

ताई मात्र रोज दुकानाच्या दारातून तोंडाचा पट्टा चालवत होत्या. "पांढरी कर म्हटलं तर गुत्ता उघडला माझ्या भिंतीवर! अरे, जन्मभर त्या खालच्या गोंगाटाने माझी झोप उडवली. गोंधळ वाढला की मी इस्त्रीने भिंतीवर ठोकायचे, आणि तुमची ती मालकीण पलीकडून बाटलीने ठोकून उत्तर द्यायची. एकदा नाही, रोज! असली बाई!" असं म्हणत त्या चहाची किटली बाहेर आणून ठेवायच्या आणि पुन्हा आत जाऊन बडबडायच्या.

सगळ्या पाठी झाल्या. बाटल्या झाल्या, दिवा झाला, वादातला पंखासुद्धा झाला. उरली एक जागा, काउंटरच्या पलीकडे, दोन पाठींच्या मधली. पेंटरने पदर काढला. ग्लास काढला, तो पुसणारा हात काढला, मनगटावरची हिरवी बांगडी काढली. मग ब्रश चेहऱ्यापर्यंत गेला आणि थांबला.

काहीच आलं नाही.

त्याने डोळे मिटले. कानातलं आठवलं, त्याच्या बाजूला सुटलेली बट आठवली. त्यांच्या मधलं काही नाही. उद्या येईल, म्हणत त्याने ब्रश धुतले. दुसऱ्या दिवशीही नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या तो मनातल्या मनात पायऱ्या उतरून खाली जायचा, पाठींच्या फटींतून बघायचा, आणि तिथे ग्लास पुसणाऱ्या हाताच्या वर नुसता दिव्याचा पिवळा उजेड असायचा. फोटो म्हणाल, तर खाली फोटो काढायला सक्त मनाई होती. घरी "कामावर थांबलोय" असं सांगून येणाऱ्यांची सोय म्हणून मालकिणीनेच केलेला नियम, आणि तो कुणी कधी मोडला नाही.

शेवटी त्याने लाज गुंडाळून ठेवली आणि खाली बसलेल्यांना विचारलं, "अरे, मालकीण दिसायला कशी होती रे?"

"म्हणजे काय? मस्त!" लंबू म्हणाला. "रुंद कपाळ. मधोमध भांग, अगदी पट्टीने पाडल्यासारखा. भुवया जाड."

"आणि खाली?"

"खाली काय?"

"नाक, तोंड!"

लंबू विचारात पडला. ताडमाड माणूस, काउंटरला उभा राहिला की त्याला तिचं डोकंच दिसायचं. ठेंगूला विचारलं तर तो म्हणाला हनुवटी, ठसठशीत हनुवटी, आणि नाकपुड्या. स्टुलावर बसूनही तो काउंटरच्या वर जेमतेम यायचा, त्याला याहून जास्त काय दिसणार? वकील म्हणाला डोळे; घारे डोळे, आरपार बघणारे. लगेच लंबू म्हणाला घारे कुठले, चांगले काळेभोर. वकील म्हणाला, हरकत आहे. आणि पुन्हा जुंपली.

पेंटरने ज्याचं त्याच्याकडून घेतलं. लंबूचं कपाळ, वकिलाचे डोळे, ठेंगूची हनुवटी, नाक कुणाचंच नव्हतं ते अंदाजाने. रंगवून झाल्यावर सगळ्यांनी बघितलं.

"ही कोण?" ठेंगूने विचारलं.

"माझी शाळेतली गणिताची बाई," लंबू म्हणाला.

पेंटरने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि चेहरा पुसून टाकला. भिंतीवर पिवळट डाग राहिला. तो शिडीवरून उतरला, सरळ लाँड्रीत गेला आणि कपड्यांच्या ढिगाशेजारी बसला. ताई कॉलरला इस्त्री करत होत्या.

"ताई, मला ती आठवत नाही."

"कोण?"

"कोण काय? तुला माहीत आहे कोण." त्याने ढिगातला एक शर्ट उगाच मांडीवर ओढला. "त्या ठेंगूच्या सायकलची घंटा आठवते मला. शिंप्याची उसवलेली शिवण आठवते. आणि जिच्यासाठी रोज खाली गेलो, तिचं तोंड आठवत नाही. माझ्याजवळ दुसरं होतं काय ताई? बोललो नाही, विचारलं नाही. म्हटलं, निदान बघितलंय तरी, ते कुठे जातंय! तेही गेलं. मग मी जन्मभर केलं काय?"

ताईंनी इस्त्री उभी केली. एरवी भावाने तोंड उघडलं की त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. त्या दिवशी त्यांनी नुसतं त्याच्या रंगाने भरलेल्या मनगटाला धरलं, जरा दाबलं, आणि म्हणाल्या, "ऊठ. चहा घे." मग फोन घेऊन मागच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. पेंटरने तिकडे लक्ष दिलं नाही. ताईंचे फोन म्हणजे साबणवाला नाहीतर दुरुस्तीवाला.

पुढचे काही दिवस त्याने उगाच इथे तिथे हात फिरवला. बाटल्यांना चकाकी दे, फरशीला सावली दे. त्या डागाकडे बघायचं टाळत होता. खालची मंडळी मात्र रोज यायची, जागच्या जागी बसायची. चेहरा नसला म्हणून त्यांचं काही अडलं नव्हतं.

मग एका दुपारी, काम संपवण्याआधी, तो रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेला. पाटीवाल्यांची जुनी सवय ती. पाटी शिडीवरून कुणी वाचत नाही, समोरून वाचतात. तेव्हा समोर जाऊनच ती बघायची. विजेच्या सामानाच्या दुकानाची पायरी होती, तिच्यावर तो उभा राहिला.

ऊन तिरपं झालं होतं आणि सगळ्या भिंतीवर मधासारखं पसरलं होतं. वर रंगवलेल्या पाठी, आणि त्यांच्या खाली, क्रेटवर, खुर्च्यांवर, खऱ्या पाठी. वकिलाचा खांदा वर उतरलेला, खालीही उतरलेला. लंबूचा मफलर वर, मफलर खाली. ठेंगूचे पाय दोन्हीकडे लोंबकळत. क्षणभर पेंटरला उमजेना की यांतले बसलेले कुठले आणि काढलेले कुठले. आपण आपल्या जिन्याखालच्या टेबलाशीच आहोत आणि समोर खालचा नेहमीचा गोंगाट चाललाय, असंच वाटलं. मधे रस्ता आहे, गाड्या जातायत, हे कितीतरी वेळाने ध्यानात आलं. खूप बरं वाटलं त्याला. चेहरा नाही तर नाही, एवढं तरी आहे, असं म्हणून तो ओळीवरून नजर फिरवायला लागला, नेहमीसारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वकील. लंबू. शिंप्याची बायको, ती हल्ली येऊन बसायची. ठेंगू.

आणि एक पाठ.

लंबू आणि शिंप्याच्या बायकोच्या मधे, ताईंच्या दुकानातल्या खुर्चीवर. बाईची पाठ, बारीक, थोडी वाकलेली, राखाडी शाल, मानेवर पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा. पेंटर बघत राहिला. कोण बरं? गल्लीतली नाही. ताईंच्या गिऱ्हाइकांतली नाही. त्याने सगळ्या पाठी मनात चाळल्या. रस्त्यातल्या, दुकानांतल्या, जिवंत माणसांच्या, गेलेल्यांच्या. जन्मभर त्याने दुसरं केलं काय होतं? या भागात जुनी अशी एक पाठ नव्हती जी त्याला माहीत नाही. आणि ही बाई तर जुनी होती. लंबू तिच्याकडे वाकून बोलत होता, असा वाकून की जसा तो फक्त काउंटरपाशी...

पेंटर विजेवाल्याच्या पायरीवर मटकन बसला.

माहीत नसलेली पाठ एकच असू शकत होती. जी कधी त्याच्याकडे फिरलीच नाही ती.

विजेवाला आतून म्हणाला, "काय हो पेंटर, बरं वाटत नाही का?" पेंटरला ऐकू गेलं नाही. पळून जावं असं वाटत होतं. खरं सांगायचं तर पहिलं तेच वाटलं. वरच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावं. मग ताई दिसल्या, लाँड्रीच्या दारात, कमरेवर हात ठेवून थेट त्याच्याकडे बघत. इतक्या लांबूनही ती नजर ओळखू येत होती. पळालास तर बघ, म्हणत होती.

त्याने रस्ता ओलांडला. एका गाडीवाल्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तोही त्याला कळला नाही. ओळीच्या मागे येऊन तो उभा राहिला, त्या राखाडी शालीच्या मागे. ठेंगूने लोंबकळणारे पाय हलवायचे थांबवले.

"टर्पेंटाइन," ती बाई मागे न बघता म्हणाली. "पेंटर आले वाटतं."

आवाज तोच होता. जरा खरखरीत झालेला, पण तोच.

"कधी आलात?" एवढंच त्याला सुचलं, आणि तेही त्याने जमिनीला विचारलं. सवय हो!

"दुपारच्या गाडीने. तुमच्या ताईंचा फोन आला. म्हणाल्या, ये आणि तुझं तोंड दाखवून जा, माझ्या भावाने अन्नपाणी सोडलंय."

"अन्नपाणी नाही सोडलं," पेंटर पुटपुटला. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "ताईंचा फोन? ताईंकडे तुमचा नंबर आहे?"

"आहे म्हणजे?" ताई दारातून ओरडल्या. "इतकी वर्षं दर आठवड्याला बोलते मी तिच्याशी! भिंतीवर ठोकायची सवय लागलेली, भिंत नाही तर फोन. तू कधी विचारलंस? विचारलं असतंस तर सांगितलं असतं!"

खरंच होतं. त्याने कधीच विचारलं नव्हतं.

मालकीण भिंतीकडे बघत होती. "छान काढलंय सगळं. घड्याळसुद्धा पुढे ठेवलंत. माझ्या तोंडाला काय झालं? डाग पडलाय."

"जमत नाहीये," तो म्हणाला. मग सगळा धीर गोळा करून म्हणाला, "आठवत नाहीये. मी विसरलो. मला माफ करा."

"विसरलात?" ती हसली; पाठ हलली, खांद्यांपासून, आणि ते पेंटरने कधी पाहिलेलं नव्हतं. "अहो, कसे विसराल? बघितलंत कधी? मी रोज काउंटरमागून बघायचे, आज तरी वर बघतील, आज तरी. मला तुमचा काय आठवतो माहीत आहे? भांग. डाव्या बाजूचा, थोडा वाकडा. इतकी वर्षं तुमच्या भांगाशी बोलले मी. सावकाश जा, म्हणायचे त्याला."

वकिलानेसुद्धा हरकत घेतली नाही.

पेंटर उभा होता आणि त्याला सगळं कळत होतं, एकदम, इतक्या वर्षांचं. गेलं गेलं म्हणून जे तो भिंतीवर शोधत होता ते त्याच्याजवळ कधी नव्हतंच. आणि जे होतं, ते रोज संध्याकाळी काउंटरमागे उभं राहून त्याची वाट बघत होतं. त्याला रडू फुटलं, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, आणि त्याने ते लपवलं नाही.

"मालकीण," तो म्हणाला, "इकडे वळता का?"

तिने हातांनी खुर्ची धरली, शाल सावरली, आणि सगळीच्या सगळी वळून बसली.

त्याची मान आपोआप खाली जायला लागली होती. त्याने ती धरून ठेवली. आणि बघितलं. म्हातारी बाई होती. कपाळ रुंद होतं, लंबू खोटं बोलला नव्हता. डोळे घारे नव्हते आणि काळेभोरही नव्हते. गालांवर सुरकुत्या, ओठ बारीक, आणि एका भुवईत जुना, लहानसा व्रण, ज्याबद्दल कुणीच काही सांगितलं नव्हतं. तीही त्याच्याकडे बघत होती. डोक्याकडे नाही, तोंडाकडे, सावकाश, एकेक करत.

ताईंनी शिडीवरचा डबा आणि ब्रश उचलून त्याच्या हातात आणून दिले. "घे. बसलीये समोर. रात्रीची गाडी आहे तिची. काढ काय काढायचं ते."

पेंटरने ब्रश घेतला, आणि तसाच परत डब्यात ठेवला.

"आज नाही काढत," तो मालकिणीला म्हणाला. "आज नुसतं बघू द्या."

"आणि गाडी?"

"उद्याही असते."

मालकिणीने ताईंकडे बघितलं. ताई दुसरी खुर्ची आणायला आत गेल्या.